एज्राचा शेवटचा अध्याय

छपरावरची कवेलू उतरवली तेव्हा आमच्या चर्चमध्ये इतकी वर्षं कोंडलेला वास एकदम मोकळा झाला. जुनं सागवान, वटवाघळांच्या लेंड्या, कंदिलांचं रॉकेल, ओल्या सतरंज्या, आणि या सगळ्याच्या तळाशी गावातल्या जिनिंगमधल्या सरकीचा तो गोडसर, तेलकट वास. मी दारातच थांबलो. चारही भिंती उघड्या आभाळाखाली उभ्या होत्या आणि व्यासपीठावर थेट ऊन पडलं होतं. त्या जागेवर ऊन पडलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मी नांदुऱ्याला पाळक आहे. मंडळी लहान आहे. उपदेश रंगात आला की नेमकी जवळच्या रुळांवरून मेल धडधडत जाते आणि मी अर्ध्या वाक्यावर थांबतो. जन्म मात्र या गावातला, चिखली तालुक्यातला. बाप्तिस्माही इथलाच. इथल्या तरुण पाळकांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. कवेलूंच्या जागी पत्रे बसणार होते आणि मग समर्पणाची उपासना होणार होती.

‘उपदेश तुम्हीच करायचा,’ ते म्हणाले. ‘तुमचे वडील इथले उपदेशक. मंडळीला फार आनंद होईल.’

मग त्यांनी भिंतीला टेकवलेल्या संगमरवराच्या फरशीवरचं पोतं बाजूला केलं. काळ्या अक्षरांत नाव कोरलं होतं: रेव्हरंड शालमोन. खाली त्यांच्या विश्वासू सेवेचा गौरव.

‘साहेब स्वतः येणार आहेत अनावरणाला,’ ते म्हणाले. ‘वय झालंय, पण बुद्धी अजून लख्ख आहे.’

‘आठवतं त्यांना सगळं?’ मी विचारलं.

‘एकूण एक.’

‘मग येतो मी,’ मी म्हणालो. त्या भल्या माणसाला तो माझा नम्रपणा वाटला असावा. मला इतकंच हवं होतं, की शालमोनला आठवत असावं. विसरलेल्या माणसावर सूड घेता येत नाही.

त्या दिवशी मी लगेच परतलो नाही. आवारातल्या लिंबाखाली बसून राहिलो. निंबोळ्या पडत होत्या. एक पायाखाली फुटली आणि त्या कडसर वासाबरोबर आमची रविवारची शब्बाथ शाळा समोर येऊन बसली.

याच लिंबाखाली ती भरायची. बाबा उपदेशक होते, म्हणजे पाळकांच्या हाताखालचे. पाळकांचा दगडी बंगला आवाराच्या एका टोकाला, आमची एक खोली दुसऱ्या टोकाला. बाबा सायकलच्या दांड्याला रंगीत चित्रांची गुंडाळी बांधून उंद्रीच्या, अमडापूरच्या बाजाराला जायचे. तिथं बाभळीला चित्रं टांगून गोष्टी सांगायचे आणि संध्याकाळी धुळीनं पांढरे होऊन घरी यायचे. माय कापूस वेचायला जायची. तिच्या लुगड्याला कापसाच्या बोंडाच्या वाळक्या पाकळ्या चिकटलेल्या असायच्या, आणि रात्री तिच्याजवळ झोपलं की त्या टोचायच्या.

शब्बाथ शाळा घ्यायची माझी मोठी बहीण, एस्तेर. तिला पवित्र शास्त्र पाठ नव्हतं. ते तिच्या घरचं होतं. यरीहोचा रस्ता तिच्या गोष्टीत बुलडाण्याच्या घाटातून जायचा. शोमरोनी बाई आमच्याच विहिरीवर यायची, तिची घागर पितळेची असायची आणि येशू बिचारा दोर नसल्यामुळं तहानलेला बसून राहायचा. आम्ही पोरं तोंडं उघडी टाकून ऐकायचो. आणि गोष्ट संपली की ती एकच प्रश्न विचारायची.

‘सांगा बरं, यातलं कोण बोलून नाही राह्यलं?’

उधळ्या पुत्राच्या गोष्टीत बाप बोलतो, दोन्ही भाऊ बोलतात. ‘अन् त्या पोराची माय?’ ती म्हणायची. ‘काऊन नाही बोलली ती? लेकरू घरी आलं, वासरू कापलं, नाच झाला. स्वयंपाक कोणं केला मग?’ आम्ही खो खो हसायचो. पण त्या रात्री मायला चुलीपुढं पाठमोरी पाहिलं की हसू यायचं नाही. मी पुढं मोठमोठ्या पंडितांची विवरणं वाचली. शास्त्र कसं वाचावं, हे मला त्या लिंबाखाली जेवढं कळलं तेवढं नंतर कुठंच कळलं नाही.

आणि ती गायची. नाताळच्या आधी आठवडाभर आवारात खळीचा वास असायचा. कणकेची खळ करून आम्ही पतंगाच्या कागदाच्या चांदण्या चिकटवायचो. माय करंज्या तळायची. जिनिंगचं यंत्र दूरवर घुमत असायचं, हवेत कापसाचे तंतू तरंगायचे आणि कंदिलाच्या उजेडात तेही सोनेरी दिसायचे. एस्तेर आणि तिची मैत्रीण मार्था मधोमध बसायच्या. एक टाळ वाजवायची, एक गायची. ताईचा आवाज पातळ नव्हता. भरलेल्या माठावर बोटं वाजवावीत तसा खोल, गार आवाज. चर्चमध्ये ती गायला लागली की पुरुषांच्या बाजूची खोकण्याखाकरण्याची सवयसुद्धा थांबायची. उपवासकाळात, पळसाला फुलं यायच्या दिवसांत, ती फक्त दुःखाची गीतं गायची आणि तेव्हा बाबा डोळे मिटून घ्यायचे. गुड फ्रायडेच्या दुपारी पत्र्यासारखं ऊन तापलेलं असायचं, लोक उपाशी, आणि त्या शांततेत फक्त तिचा आवाज. मला वाटायचं, देवाचा आवाज असलाच तर असा असेल. बाईचा, आणि जरा दमलेला.

उंद्रीच्या शाळेतले गौतम सर तिच्या आयुष्यात कधी आले, मला ठाऊक नाही. आठवते ती फक्त सायकलची घंटी. आवाराबाहेरच्या रस्त्यावरून ती एकदाच वाजायची आणि ताई विहिरीवर निघायची. ते बौद्ध. एके दिवशी बुलडाण्याला जाऊन दोघांनी नोंदणी करून लग्न केलं. त्यांच्या आईनं म्हणे दारात एवढंच म्हटलं, ‘पोरगी उपाशी हाय, आधी भाकर टाका.’ आमच्याकडं मायनं चूल पेटवली नाही. पण ती रागानं नव्हे. ती रडत होती आणि ओली काटकी पेट घेत नव्हती.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. ताई आली. नवी निळी साडी, कपाळ तसंच कोरं. ती नेहमीच्या जागी, मार्थेच्या शेजारी सतरंजीवर बसली. भाकर आणि पेला पांढऱ्या कापडाखाली झाकलेला होता. शालमोन व्यासपीठावर चढला. उंच, गोरा, इस्त्रीचा झगा. त्याचा आवाज मात्र खरंच सुंदर होता. मी ते कबूल करतो, कारण तो सुंदर होता म्हणूनच इतका खोल गेला.

त्यानं तिचं नाव पुकारलं. उभं राहायला सांगितलं. मग त्यानं एज्राचं पुस्तक काढलं आणि शेवटचा अध्याय वाचला. बंदिवासातून परतलेले लोक, भर पावसात चौकात कुडकुडत बसलेले, आणि एज्रा त्यांना सांगतो की परक्या जातीच्या बायका केल्या त्या सोडा. त्यानं ते सावकाश वाचलं. पुस्तक मिटलं.

‘एस्तेर, तुझ्यापुढं दोन वाटा आहेत,’ तो म्हणाला. ‘तो माणूस सोड, नाहीतर ही मंडळी.’

‘साहेब,’ ताई म्हणाली, ‘एक इचारू का?’

‘मंडळीत स्त्रियांनी बोलू नये, असं शास्त्र सांगतं.’

एवढंच. पेला बायकांच्या बाजूनं फिरत आला. तिच्याजवळ आला तेव्हा मार्थेनं सतरंजी ओढून घेतली. थोडीशीच, पण तेवढ्यानं ताई उघड्या फरशीवर उभी राहिली, आणि पेला तिच्या पुढून पलीकडं गेला. बाबा पहिल्या रांगेत होते. त्यांनी मान वर केली नाही. खोली पाळकांच्या आवारात, पोट पाळकांच्या हातात; ते काय बोलणार होते. बाहेर जिनिंगचा भोंगा वाजला. ताईनं चपला हातात घेतल्या आणि ती अनवाणीच दारातून गेली. त्या दिवसापासून ती गायली नाही. आजतागायत नाही. माझ्या भाच्यांनी आपल्या आईचा आवाज कधी ऐकलेला नाही.

एवढ्यावर थांबला असता तर कदाचित मीही थांबलो असतो.

पण दोन हिवाळ्यांनंतर माय गेली. कापूस वेचतावेचता ताप भरला आणि उतरलाच नाही. दफनभूमी चर्चच्या मागंच आहे. काटेरी तारेचं कुंपण, लोखंडी फाटक. ताई पोराला कडेवर घेऊन अमडापूरहून आली होती. शालमोननं फाटकाला कडी घालायला लावली. मंडळीबाहेरचं माणूस आत येणार नाही, म्हणाला. मायला खाली उतरवत होते तेव्हा मी मागं वळून पाहिलं. ताई कुंपणापलीकडं रस्त्यावर उभी होती. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. तिनंही वाकून रस्त्यावरची माती घेतली आणि कुंपणावरून फेकली. ती पोचली नाही. तारेपाशीच, बाभळीच्या काट्यांवर सांडली. शालमोन पुनरुत्थानाची वचनं म्हणत होता. त्या सुंदर आवाजात.

लोक विचारतात, तुम्हाला पाळकपणाचं पाचारण कधी झालं? मी काहीतरी सांगतो. खरं हे आहे की मला त्या कुंपणापाशी झालं. ज्या पुस्तकानं त्यानं माझ्या बहिणीला मारलं, ते पुस्तक त्याच्यापेक्षा चांगलं शिकायचं आणि एक दिवस त्याच्याच डोक्यात घालायचं, एवढ्यासाठी मी धर्मशिक्षणाला गेलो. बाकीची मुलं देवाच्या प्रेमानं आली होती. मी रागानं आलो होतो आणि त्या सगळ्यांपेक्षा जास्त अभ्यास करत होतो. इब्री भाषा कोणालाच नको असायची. मी ती दातओठ खाऊन शिकलो. उजवीकडून डावीकडं जाणारी ती अक्षरं मला शालमोनच्या घराकडं परत जाणाऱ्या पावलांसारखी वाटायची.

आणि मग मी एज्राचा तो शेवटचा अध्याय मुळातून वाचला. पुन्हा पुन्हा वाचला. त्यात एज्रा बोलतो, अधिकारी बोलतात, जमाव बोलतो. बायका बोलत नाहीत, लेकरं बोलत नाहीत. ते मला ठाऊकच होतं. ताईचा प्रश्न विचारायचीही गरज नव्हती. पण एका सकाळी वसतिगृहाच्या पायरीवर दात घासताना माझ्या लक्षात आलं आणि तोंडातला फेस तसाच राहिला. त्या अख्ख्या अध्यायात देवही बोलत नाही. ‘परमेश्वर म्हणतो’ असं एकदाही नाही. माणसं ठरवतात, माणसं शपथ घालतात, माणसं नावं वाचतात. शेवटच्या ओळीत कुणीतरी लिहून ठेवलंय की यांपैकी काही बायकांना मुलंही होती. आणि तिथंच पुस्तक संपतं. पुढं काय झालं, काही नाही. देव गप्प बसलेल्यांच्या रांगेत होता. त्या बायकांच्या बाजूला, पावसात.

मला रडू यायला हवं होतं. मला आनंद झाला. शत्रूच्या तलवारीची मूठ हाताला लागावी तसा.

तोवर शालमोनची बदली झाली होती. मग तो निवृत्त झाला, पुण्याला मुलाकडं गेला. मला पाळकाची दीक्षा मिळाली. मी क्षमेवर उपदेश करतो. चांगला करतो, असं लोक म्हणतात; माझ्या उपदेशानंतर भाऊ-भाऊ रडत गळ्यात पडलेले मी पाहिलेत. मी मात्र दर सकाळी प्रार्थनेत सूड देवाच्या स्वाधीन करतो, कारण त्यानं तो स्वतःकडं मागितला आहे, आणि दुपारपर्यंत तो त्याच्याकडून परत मागून घेतो. मंडळीतल्या एका बाईनं मला एकदा विचारलं होतं, ‘पास्टर, ज्यानं माफी मागितलीच नाही त्याले माफ कसं करायचं?’ मी तिला चार वचनं दाखवली. घरी येऊन ती चारही पुन्हा वाचली. मला एकाही वचनात उत्तर सापडलं नाही.

समर्पणाच्या आदल्या दिवशी मी अमडापूरला ताईकडं गेलो. गौतम सर निवृत्त झालेत. ओसरीत चष्मा कपाळावर चढवून पेपर वाचत होते. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, चहा ठेवायला स्वतः आत गेले आणि मुद्दाम बराच वेळ बाहेर आले नाहीत. ताई सुपात तूर पाखडत होती. फोलपटं उडत होती. मी तिला सगळं सांगितलं. फरशी, शालमोन, एज्रा.

तिचं सूप थांबलं. ‘जिता हाय तो?’

‘हो. अन् सारं आठवते त्याले.’

‘मग तू काय करशीन?’

‘समोर बसंन तो पहिल्या रांगेत. तोच अध्याय वाचीन. देव त्यात बोलत नाही हे सांगीन. तुयं नाव घेईन.’

‘अन् मंग?’

‘मंग काय? त्याची मान खाली जाईन.’

ती हसली. त्या हसण्यात मला आमची शब्बाथ शाळा दिसली. ‘मान खाली जाईन,’ ती म्हणाली. ‘लोक म्हणतीन, काय हुशार पास्टर हाय, इब्री बोलते. फरशी त्याची लागंन, नाव तुयं होईन. मले काय भेटीन बाबू?’

मी म्हणालो, ‘तुले सोडून द्याचं हाय का त्याले? म्हातारा झाला म्हून?’

‘कोण म्हणते?’ तिनं सूप बाजूला ठेवलं. ‘मी काई सोडलं नाही. एक दिस नाही सोडलं. लोकं म्हणतात शालमोन गेला, आता कोणी आडवत नाही, काऊन नाही जात मायजवळ? मी काऊन जाऊ चोरावानी? ज्यानं कडी लावली त्यानं उघडाव. सगळ्याईच्या म्होरं उघडाव. मी उद्या तिथं रस्त्यावर उभी राहीन. तुले बोलायचं ते बोल. मले ते दार पाह्यजे.’

मी उठलो तेव्हा तिनं माझ्या डोक्यावरचं एक फोलपट काढलं, लहानपणी काढायची तसं.

दुसऱ्या दिवशी चर्च ओळखू येत नव्हतं. नवे निळे पत्रे, रंगाचा वास, झेंडूच्या माळा. सरकीचा वास गेला होता. शालमोनला मुलानं हाताला धरून आणलं. पाठ वाकली होती, पण झगा तसाच इस्त्रीचा. त्यानं मला ओळखलं. ‘उपदेशकांचा मुलगा ना तू? देवाची कृपा,’ तो म्हणाला, आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्याचे हात उबदार होते. मला वाटलं होतं ते थंड असतील.

मी व्यासपीठावर चढलो आणि पवित्र शास्त्र उघडलं. एज्रा म्हटल्याबरोबर त्याची मान वर झाली. मी सावकाश वाचलं, त्याच्यासारखंच. मग मी लिंबाखालचा प्रश्न मंडळीला विचारला आणि पायरीवर सापडलेलं उत्तर सांगितलं. शेवटची, मुलांची ओळ मी दोनदा वाचली. बायकांच्या बाजूला कुणीतरी नाक ओढलं. शालमोन माझ्याकडं टक लावून पाहत होता, आणि मी त्याच्याकडं. खोटं कशाला बोलू. ते क्षण मी चवीनं जगलो. इतक्या वर्षांचं भुकेलं जनावर माझ्या आत शेपूट हलवत होतं.

‘साहेब,’ मी म्हणालो, ‘फरशीच्या आधी एक काम राहिलंय. मायच्या मातीच्या दिवशी तुम्ही मागच्या फाटकाला कडी घातली होती. माझी बहीण एस्तेर बाहेर रस्त्यावर उभी आहे. ती कडी तुम्ही उघडा.’

नव्या पत्र्यांवर चिमण्यांचे पाय वाजत होते.

शालमोन काठीवर भार देऊन उभा राहिला. मला वाटलं, निघाला. पण तो वळला नाही.

‘मी शास्त्र वाचलं,’ तो म्हणाला. आवाज खरंच तोच होता. ‘पदरचं काही बोललो नाही. आजही तेच वाचेन.’

आणि तो बसला.

मी पवित्र शास्त्र मिटलं. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं मार्था उठली. गुडघे धरत, कण्हत. तिनं पदर सावरला, कुणाकडंही पाहिलं नाही आणि ती मागच्या दारानं बाहेर पडली. तिच्यामागं तिची सून. मग आणखी बायका. सतरंज्यांवरून उठणाऱ्या साड्यांची सळसळ. मग पुरुष. तरुण पाळक माझ्याकडं बघत होते. मी खाली उतरलो तसे तेही आले. दारात मी एकदा मागं वळून पाहिलं. रिकाम्या चर्चमध्ये पहिल्या रांगेत शालमोन आणि त्याचा मुलगा, आणि भिंतीवर पडदा घातलेली फरशी. मी ते दृश्य पोटभर पाहिलं.

फाटकाची कडी गंजली होती. मार्थेनं दगडानं ठोकून ती काढली. ताई समोर उभी होती. पांढरे केस, नीट चापून नेसलेली सुती साडी, मागं स्कूटरशी गौतम सर. तिनं गर्दीत एकेक चेहरा पाहिला.

‘तो नाही आला?’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘नाही उठला तो.’

मला भीती वाटली, ती परत फिरेल. मग तिनं फाटकात चपला काढल्या. ‘चर्चचं मागचं दार लावू नका,’ ती म्हणाली. ‘त्याले तिथून दिसलं पाह्यजे.’

मायच्या कबरीवर गाजरगवत माजलं होतं. ताईनं बसून ते उपटलं, मुळासकट, एकटीनं. कुणाला हात लावू दिला नाही. मग हात झटकून मला म्हणाली, ‘वाच.’

मी मेंढपाळाचं स्तोत्र काढलं. सगळेच ते काढतात.

‘हे नोको,’ ती म्हणाली. ‘ते शापाचं वाच.’

अशी स्तोत्रं आहेत. आम्ही पाळक ती गाळून पुढं जातो. कुणी विचारलंच तर जुन्या कराराचा काळ वेगळा होता म्हणून सांगतो. त्यात एक छळलेला माणूस देवाला म्हणतो की माझ्या वैऱ्याचं काही शिल्लक ठेवू नकोस. त्याचं घर, त्याचं नाव, त्याच्यावर दया करणारं माणूससुद्धा. मी ते दफनभूमीत कधी वाचलं नव्हतं. मी वाचलं. मोठ्यानं, एकही ओळ न गाळता. मागच्या दारातून ते आत स्पष्ट ऐकू जात असणार. ताई कबरीवर तळवा ठेवून ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर क्रोध नव्हता. लहान मूल दिवसभराची तक्रार आईला सांगून संपवतं, तसं काहीतरी होतं. मला तेव्हा कळलं, ही स्तोत्रं शास्त्रात चुकून राहिलेली नाहीत. ज्यांना कुणी बोलू दिलं नाही त्यांच्या तोंडी घालायला ती राखून ठेवली आहेत. मी संपवलं तेव्हा मार्थाच पहिल्यांदा ‘आमेन’ म्हणाली. मग सगळे.

लिंबाखाली पंगत मांडली होती. रोडगे, वांग्याची भाजी, वरण. मार्थेनं स्वतः पत्रावळ वाढून आणली, ताईपुढं धरली. वरण कडेनं ओघळत होतं.

‘बस वो एस्तेर,’ ती म्हणाली. ‘दोन घास खाय. पायी पडतो तुया.’

ताईनं पत्रावळीकडं पाहिलं, मग मार्थेकडं. त्या दोघी कधीकाळी एका सुरात गायच्या.

‘मी मायले भेटाले आलती, मार्थे,’ ती शांतपणे म्हणाली. ‘तुमाले माफ कराले नाही आलती.’

पाणीसुद्धा न पिता ती गेली. स्कूटर रस्त्याच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मार्था पत्रावळ हातात धरून उभी होती.

शालमोनला व्हरांड्यात खुर्ची दिली होती. मुलगा त्याला ताट देऊन गाडी काढायला गेला होता. मांडीवरच्या ताटात रोडगा कुस्करलेला तसाच पडला होता. मी जवळ गेलो.

‘ती जेवली का?’ त्यानं विचारलं. माझ्याकडं न पाहता.

‘नाही.’

त्यानं ताट खाली ठेवण्यासाठी हात हलवला. तिच्याबरोबर उपाशी राहून सुटायची मुभा मी त्याला देणार नव्हतो. मी समोर एक खुर्ची ओढून बसलो.

‘तुम्ही जेवा, साहेब,’ मी म्हणालो, आणि त्याचा शेवटचा घास उतरेपर्यंत तिथून उठलो नाही.